आप्पाकाकांच्या आंब्याला मिळालेला मान

लांजा, सोमवार, ४ मार्च १९८५

तीर्थरूप आप्पाकाकांस,

पुतण्या भिकाजीचा साष्टांग नमस्कार. काकींचे गुडघे आणि तुमचा खोकला आता उताराला लागला असेल. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्ही राखायला माझ्या हवाली केलेला खळ्यातला आंबा मात्र परवा होळीसाठी तुटणार आहे. (बसून वाचावे.)

त्याचं असं झालं. यंदा होळी म्हणून कुणाचं झाड तोडून उभं करायचं, याचा कौल शनिवारी देवीला लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून हरिश्चंद्र गुरवाने गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर तुमचा आंबा, डावी पडली तर मानकरी रावजींचा. आम्ही शिरस्त्याप्रमाणे वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. पाकळी पडली ती डावी, काका. मी या डोळ्यांनी पाहिली. रावजी म्हणाले, “उजवी.” गुरवाने देवीकडे पाहिलं, मग रावजींकडे पाहिलं, आणि ‘उजवी दिलीस, बाय’ असं सांगून टाकलं. सगळं देऊळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं. त्यात माझाही आवाज होता, आणि चांगला खणखणीत होता.

नंतर एकेकाला गाठून विचारलं. गुरवाला डावीच दिसली होती, पण मानकऱ्याचा शब्द खाली पाडून त्याला गावात राहायचं नाही. मागच्यांना काहीच दिसलं नव्हतं. पुढच्यांना दिसलं असणार म्हणून ते बिनघोर. आपला शेजारी शिवा तर रावजींसारखी तिरकी टोपी घालायला लागल्यापासून मतंही तिरकीच ठेवतो. शनिवारी तो नुसता ‘उजवी’ म्हणाला होता. आता ती कशी गरगरत उजवीकडे आली ते पारावर बसून हातवारे करून सांगतो, आणि त्याला ते अगदी खरं वाटतं. (काल ऐकता ऐकता मलाही क्षणभर उजवीच आठवली. मी घाबरून घरी आलो.)

तुमची सून गोदा म्हणाली, “मना पायरीवरनं डावीच दिसली. तुमी तर पुढं हुतांव, मंग का नाय बोललाव?” होळीचा मान नाकारायची आपल्यात रीत नाही, त्यामुळे आता उघड बोलायचीही सोय उरली नाही. झाडाला कैऱ्या धरल्या आहेत. हे लिहितो आहे तेव्हा शिवा पलीकडे दगडावर कुऱ्हाड घासतो आहे.

काकींना नमस्कार.
आपला आज्ञाधारक,
भिकाजी

ता. क. पत्र मुंबई गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. उद्या, मंगळवारी, रात्रीच्या गाडीने निघा. झाड तुमचं, शिवाय त्या दिवशी तुम्ही देवळात नव्हता. ‘कौल पुन्हा लावा’ एवढंच म्हणा. पहिला कुणीतरी बोलायला हवा; बाकीचे लगेच तुमच्यामागे येतील. मी सर्वांत आधी येईन.

आणखी एक ता. क. हे गोदालाही सांगितलेलं नाही. रावजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पाकळी पडल्यावर त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, “कंची पडली रे?” शेजारी मी होतो. स्वतःचं झाड वाचावं असंच त्यांच्या मनात असणार, असं धरून मी ‘उजवी’ म्हणालो. आज सकाळी ते वाटेत भेटले. माझा हात धरून म्हणाले, “भिक्या, यंदा मान आमच्या झाडाला मिळायला हवा हुता रे. पण देवीनं दिलान त्याच्याफुडं काय बोलायचं?” मी म्हटलं, खरं आहे. काका, लवकर या.