रुपचंदनानांचं पागोटं आणि बुधवारची सभा

दोंडाईचा,
ता. २५ ऑक्टोबर १९२८

श्रीमान रुपचंदनाना यांचे सेवेशी,

मेहुणा अभिमन याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो; पण आमची ख्रिस्ती सभा चालवणारे भाईदास मास्तर म्हणतात, साष्टांग फक्त देवापुढे घालावा. शिवाय गेली काही वर्षं या घरात मला आडवं पडता येईल एवढी जागाच रिकामी नसायची, त्यामुळे तो प्रश्न आपोआपच सुटलेला होता.) आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? म्हैस व्याली असल्यास कळवणे. न व्याली असल्यास तिलाही आमची आठवण सांगणे. हे पत्र मी लिहितो आहे याचा तुमच्या बहिणीला पत्ता नाही. मंजुळा नदीवर धुणं घेऊन गेली आहे आणि ती परत यायच्या आत मला हे संपवून, पाकीट डकवून, शिवणाच्या मशीनखाली दडवायचं आहे. तेव्हा अक्षर धावतं वाटलं तर राग मानू नये.

नाना, मुद्द्याचं आधी सांगतो. भाऊबीज जवळ आली आहे आणि यंदा तुम्ही आलंच पाहिजे. तुम्ही का येत नाही, ते तुम्हांला आठवत असेलच, तरी मी पुन्हा आठवण करून देतो. कारण माझ्या तर ते डोळ्यांपुढून हलत नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्ही भाऊबीजेसाठी म्हणून आलात आणि नेमका बुधवार निघाला. बुधवार म्हणजे आमच्या घरी सभेचा वार. तुम्ही पागोटं काढून कणगीजवळ ठेवलंत, पाय धुवायला मागच्या दारी गेलात आणि परत येता तो पागोट्यावर भिकुबाई मांडी घालून बसलेली! भिकुबाई ही आमच्या शेजारची म्हातारी. तिला दिसतं कमी आणि ती प्रार्थना करते जास्त. डोळे मिटले की आळीतल्या प्रत्येकाचं गाऱ्हाणं ती नावानिशी देवाच्या कानावर घालते. (माझंही घालते. ‘प्रभू, हा अभिमन शिंपी कापड वेळेवर शिवून देत नाही, त्याला तू सुबुद्धी दे,’ असं ती भर सभेत म्हणाली आणि पाठीमागे बसलेल्या माझ्याच गिऱ्हाइकांनी मोठ्यांदा ‘आमेन’ म्हटलं.) प्रार्थनेतल्या माणसाला उठवायचं नाही हा आमचा रिवाज, त्यामुळे तुम्ही उघड्या डोक्याने भिंतीशी उभे राहिलात आणि भिकुबाई तुमच्या पागोट्यावरून साऱ्या आळीची खबर वर पोचवत राहिली. शेवटी ती उठली तेव्हा पागोट्याची चपाती झाली होती. तुम्ही ते उचललंत आणि मंजुळाला म्हणालात, ‘हाई घर शे का धरमशाळा? हाई सभा घरमाईन निंघी जाई, तवय मी येसू.’ आणि ओवाळून न घेताच स्टेशनाची वाट धरलीत.

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्या डोक्यावर पागोटं असतं आणि त्यावर कोणी बसलं असतं, तर मीही तेच केलं असतं. पण नाना, त्यानंतर काय झालं ते तुम्हांला कोणी सांगितलेलं नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे तुम्ही जाणताच. तुमच्या बहिणीला भाऊ आहे, चांगला पाचोऱ्यात राहतो, धडधाकट आहे, भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. तरी दर भाऊबीजेला ही बाई ताट घेऊन मागच्या अंगणात जाते. बीजेची कोर ती केवढी, दिसली न दिसली की मावळते. मी विचारलं तर म्हणते, ‘चंद्र ऊना का नही ते दखी राहिनू.’ आता चंद्र उगवला की नाही ते बघायला हळदकुंकवाचं ताट कशाला लागतं? मास्तरांनी पाहिलं तर म्हणतील, येशूच्या मंडळीतल्या बाईने चंद्राला ओवाळणं बरं नव्हे. म्हणून मी दरवाजात आडवा उभा राहतो आणि मास्तर आलेच तर त्यांना तिकडच्या तिकडे कापसाच्या भावात गुंतवतो. मला त्या वेळी फार वाईट वाटतं, नाना. तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं होतं, की काहीही करून ही सभा घराबाहेर काढायची.

पण निघते कसली! सभा सुरू झाली तेव्हा आम्ही दोघं आणि भाईदास मास्तर, एवढीच माणसं चुलीपुढे बसायचो. गाणं संपेस्तोवर वरण शिजायचं. दोन्ही कामं एकाच जाळावर. मग रेल्वेतला तोताराम खलाशी यायला लागला, त्याने आपला सासरा आणला, सासऱ्याने भावकी आणली. कणगी माजघरात गेली. मग मशीन ओट्यावर गेली. मग खाट शेजाऱ्याकडे गेली, ती आजतागायत तोच झोपायला वापरतो. भिकुबाई देवाला काय सांगते ते ऐकायला म्हणून काही आले, आणि आपलं नाव येतं का ते बघता बघता तेही टिकले. एकदा तर गर्दीत बसायला काही पुरेना, म्हणून कोणीतरी सावकाराचा नवा, काजं करायचा राहिलेला कोट खाली अंथरला. सभा सुटल्यावरसुद्धा बायका उठत नाहीत. मास्तरांची बायको पाट्या वाटते आणि सगळ्या जणी त्यावर खाली माना घालून काहीतरी करत बसतात. काय करतात ते मी कधी विचारलं नाही. मला फक्त जेवण कधी मिळेल एवढंच विचारायचं असायचं.

शेवटी गेल्या पावसाळ्यात धुळ्याहून पाद्रीसाहेब आले, तेव्हा मी धीर करून म्हटलं, सभेला आता स्वतंत्र जागा पाहिजे. पाद्रीसाहेब खांबाला टेकून बसले होते (खुर्चीला जागा नव्हती). ते म्हणाले, एका घरातली माणसं उचलून दुसऱ्या घरात ठेवली म्हणजे मंडळी वाढली असं होत नाही. तुम्ही आधी बाहेर पडा, आणि बाहेरच्या एखाद्या गावाने तुम्हांला आपण होऊन परत बोलावलं, तर जागेचं बघू. सगळ्यांना स्फुरण चढलं. मलाही चढलं, पण खरं सांगतो नाना, इतरांच्या डोळ्यांपुढे ते गाव होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमचं पागोटं होतं.

गाव ठरलं तापीकाठचं. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही बैलगाडीने निघालो. सगळ्यांनी पांढरेशुभ्र कपडे घातले होते (मीच शिवलेले, आणि यंदा वेळेवर). वाजवायच्या पेटीला धूळ लागू नये म्हणून ती पत्र्याच्या डब्यात बंद केली होती. तोतारामच्या गळ्यात ढोलकी होती, मास्तरांच्या काखेत पुस्तकं होती, आणि माझ्या गळ्यात, सकाळी घाईत काढायची विसरलो म्हणून, मापाची पट्टी तशीच लोंबत होती. आम्ही वेशीत शिरलो मात्र, एक बाई घागर टाकून ओरडली, ‘टोचनारा ऊनात वं माय!’ पाठोपाठ सगळं गाव शेतांकडे पळालं! पोरं उचलून बाया धावल्या, म्हातारे धावले, भरल्या ताटावरची माणसं हातातल्या भाकरीसकट धावली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग उमजलं. पांढरे कपडे, पत्र्याचा डबा आणि गळ्यात ती पट्टी. गावाला वाटलं, देवी टोचणारे आले आणि मी त्यांचा मोठा डाक्तर! मागच्या साली टोचलं तेव्हा म्हणे निम्मं गाव तापाने फणफणलं होतं. मी पट्टी काढून खिशात कोंबली. पण ते बघायलाही गावात कोणी उरलं नव्हतं. दोन कुत्री होती आणि खाटेवर एक म्हातारी होती. ती पळू शकत नव्हती, म्हणून तिने नुसतं दंडावर पदर ओढून घेतला.

मला तर रडूच आलं. जागा गेली, भाऊबीज गेली, मंजुळा पुन्हा मागच्या अंगणात जाणार. पण भाईदास मास्तर हटवादी माणूस. ते म्हणाले, देव ऐकतो आहे, म्हातारी ऐकते आहे, सुरू करा. मग आम्ही रिकाम्या चावडीपुढे भजन लावलं. आता नाना, आमच्या तोतारामच्या ढोलकीविषयी काय सांगू? माणूस भला, हात मात्र हाताबाहेरचा. गाणं एका गावाला, ढोलकी दुसऱ्या गावाला. गाणं संपल्यावरही त्याचे दोन ठोके उरतात, ते तो पुढच्या गाण्यात वाजवून टाकतो. तर दुसरं भजन चाललं असताना समोरच्या ज्वारीतून एक उंच माणूस ताडताड चालत आला, धोतराला कुसळं लागलेली. तो हिलाल पाटील, त्या गावचा ढोलकीतला वस्ताद, ज्वारीत दडून बसलेला. त्याने दंड उघडा करून पुढे केला आणि म्हणाला, ‘टोचनं व्हई ते टोची टाका रे भो, पन ती ढोलकी बडवानं बंद करा!’ आणि तोतारामच्या गळ्यातली ढोलकी काढून घेऊन त्याने स्वतःच्या गळ्यात अडकवली.

मग जे भजन रंगलं, ते काय सांगू! पाटलाचा हात ओळखून पहिल्यांदा त्याची भावकी ज्वारीतून बाहेर आली, मग बाया आल्या, मग पोरं आली. आमच्याकडे सुई नाही याची एकाने डब्यात हात घालून खात्री करून घेतली. (सुई माझ्याकडे होती, पण शिवायची. ती मी हळूच खिशातल्या पट्टीत खोचली.) मास्तर हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगू लागले तेव्हा लोक मधून मधून विचारत होते की मेंढरू कोणत्या रंगाचं, कुठल्या शिवारात हरवलं. त्या गावाला मेंढरू हरवणं म्हणजे काय ते माहीत आहे. ते सापडलं तेव्हा खाटेवरच्या म्हातारीने दंडावरचा पदर काढून डोळ्यांना लावला. निघताना हिलाल पाटील म्हणाला, पुढच्या बाजाराला पुन्हा या, आणि ढोलकी आणली नाही तरी चालेल, आमच्याकडे आहे. चार जणांनी दिवाळीच्या बंड्यांची मापंही दिली, तेव्हा पट्टीनेही थोडं पुण्य कमावलं म्हणायचं.

परत बोलावणं आल्याचं ऐकून पाद्रीसाहेबांनी शब्द पाळला. स्टेशनापलीकडचं जुनं कापसाचं गोदाम मिळालं. आता सभा तिथे भरते, रविवारी सकाळी. बसायला ऐसपैस जागा आहे. पहिल्या रविवारी सगळ्यांच्या डोक्याला थोडा थोडा कापूस लागला, एवढंच. घर रिकामं झालं, नाना! मशीन आत आली, कणगी जागेवर आली. तुमच्या पागोट्यासाठी भिंतीत एक लांब खुंटी ठोकली आहे. तिच्यावर बसायचं म्हटलं तर शिडी लागेल. तुम्ही दिलेला शब्द तुमच्या लक्षात आहे. जळगावला गाडी बदला आणि या. स्टेशनावर मी येतो.

थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, म्हशीला काय योग्य ते.

आपला,
अभिमन

ता. क. : येताना तुमची ढोलकी आणा. उगीच आपली, हवापालट म्हणून. भाऊबीजेनंतर आम्हांला शेजारच्या दुसऱ्या एका गावाने बोलावलं आहे आणि त्या गावात हिलाल पाटील नाही. तुम्ही ख्रिस्ती व्हावं असं कोणी म्हणत नाही, फक्त ताल धरावा. तोतारामला मी अजून सांगितलेलं नाही. भिकुबाई मात्र देवाला सांगून बसली आहे, त्यामुळे तोतारामलाही कळलं असावं.

दुसरा ता. क. : पत्र लपवलं होतं ते सापडलं. मशीनखाली ती झाडते हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिला वाचता येतं हेही मला आत्ताच कळलं. ती लेखणी मागते आहे. खाली काय येईल त्याची जबाबदारी माझी नाही.

नाना, मी मंजुळा. हाई मनं अक्षर शे. मनं पहिलं पत्र शे, तुलेच लिखस. यास्नं लिखेल बठ्ठं मी वाचं. घर रिकामं नही शे. मोठी सभा गोदाममा गई, पन बुधवारनी बायास्नी सभा आठेच, याच घरमा भरस. त्याच सभामा मी लिखाले शिकनू. ती मी घरमाईन काढाव नही. भिकुबाई बी येस. तरी बी तू ये. घर रिकामं व्हवानी वाट नको दखू. औंदा मी चंद्रले ओवाळाव नही.