उत्तर दिलं नाही

ताई,

तू गेल्यावरही तुझा ईमेल मी बंद केला नाही. त्यात जर्नलच्या संपादकांचं पत्र आलं: तुमच्या शोधनिबंधातले आकडे बनावट निघालेत, तो आम्ही मागे घेतोय, तुमचं म्हणणं कळवा. आकडे तुझ्या गाईडसरांनी घातले होते, हे तूच मला जेवताना रडत सांगितलं होतंस. आता सर सगळं तुझ्या माथी मारून मोकळे झालेत. ताई वारली, असं मी कळवलं. तरी निबंध मागे घेतल्याच्या सूचनेत त्यांनी छापलं: 'लेखिकेने उत्तर दिलं नाही.' अगं, तू तर राँग नंबरवाल्याशीही नीट बोलायचीस.

निबंध साइटवर तसाच आहे. पानापानावर 'मागे घेतला' असा लाल शिक्का आणि त्याखाली तुझं नाव.

हे पत्र तुझ्या ईमेलवर पाठवणार नाही. ते उघडणारी मीच, आणि तरी उत्तराची वाट बघत बसेन.

तुझीच,
धाकटी