मान्यतेस्तव सादर

हेग, ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

लोणच्याची बरणी न फुटता पोचली. इथले सहकारी ते पावाला लावून खातात, तुम्हाला बघवणार नाही.

काम जोरात आहे. ज्या मंत्र्यांना त्यांच्या देशात कोणी हात लावत नाही, त्यांना भ्रष्टाचाराचा जाब विचारणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय असावं, म्हणून आम्ही मसुदा करतोय. अजून सगळं कागदावरच आहे. पुराव्याचं प्रकरण माझ्याकडे आलंय आणि तोंडी हुकूम सिद्ध कसा करायचा, इथे घोडं अडलंय. तुम्ही तीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक होतात. असा हुकूम फाइलवर कसा येतो, ते सविस्तर कळवा. फोनवर तुम्ही 'बरं आहे'च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची भार्गवी

बुलढाणा, २६ जानेवारी

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

तोंडी हुकूम फाइलवर येतच नाही. वरून सांगतात, लिपिक तेच स्वतःचा प्रस्ताव म्हणून लिहितो आणि खाली 'मान्यतेस्तव सादर' टाकतो. वरचे 'मान्य' एवढंच लिहितात. मी त्याला नेटकं काम म्हणत आलो.

धाड गावापलीकडचा तलाव आठवतो? त्याचा पाया तपासणीत नापास झाला होता. पुन्हा तपासणीची गरज नाही असं लिहा, हे मंत्र्यांनी विश्रामगृहावर मला साहेबांसमोर सांगितलं. मी लिहिलं. दुसऱ्याच पावसाळ्यात बांध फुटला आणि भाजीवाल्या बेबीताईंची मुलगी पायल वाहून गेली. चौकशीत दोष पावसावर गेला. मंत्र्यांचं नाव कुठेच नव्हतं, कारण ते मीच येऊ दिलं नव्हतं. हे तुझ्या आईलाही मी कधी सांगू शकलो नाही.

मसुद्यासाठी माझा जबाब सहीनिशी घे.

तब्येत सांभाळ, लोभ राहू दे.
तुझा बाबा

हेग, १७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस कामावर गेले नाही. पायल बाजारात आईच्या पालाखाली बसून माझी जुनी पुस्तकं वाचायची. तुमचा फार राग आला, खोटं कशाला सांगू.

तरीही जबाब देऊ नका. न्यायालय उभं राहायला वर्षं लागतील, मंत्री परदेशात सुखात आहेत आणि बुलढाण्याच्या पोलिसांच्या हाती आधी तुम्हीच लागाल. कामाची रीत मी मसुद्यात घेते, नाव तेवढं गाळते. माझं एवढं ऐका.

तुमचीच, भार्गवी

बुलढाणा, १० मार्च

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. नाव तेवढं गाळा, असं विश्रामगृहावर त्या दिवशी साहेबही मला म्हणाले होते. तेही मायेनेच म्हणाले होते, तू लहान होतीस, माझी नोकरी टिकावी म्हणून.

बाजाराच्या दिवशी एस.टी.ने धाडला गेलो आणि बेबीताईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ मेथीच्या जुड्या बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, इतकी वर्सं काऊन नाही सांगतलं, अन् आता मले सांगून काय होते, जिथं लिहाले पाह्यजे तिथं लिहा. दर बाजारी त्या माझ्या पिशवीत एक जुडी जास्तीची टाकत. त्या दिवशी टाकली नाही.

सोबत जबाब आहे. 'मंत्र्यांनी मला सांगितले' अशी सुरुवात मी जन्मात पहिल्यांदा केली. एक प्रत इथल्या पोलिसांना देऊन पोच घेतली आहे. तुमचं न्यायालय होईल तेव्हा मी असेन-नसेन, म्हणून दोन साक्षीदार घेतले. एक शेजारचे किसनराव. दुसऱ्या साक्षीचा अंगठा बेबीताईंचा आहे.

राग असू दे, त्यासोबत थोडी मायाही राहू दे.
तुझा बाबा