कोटाच्या खिशातला ठिपका

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो की कमरेतून आवाज येतो, तोही पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या तब्येतीचं मी काय सांगू, ती हल्ली तुझ्या भाच्यांना माझ्याआधी कळते.

दोन महिन्यांपूर्वी लेकीनं माझ्या फोनमध्ये लोकेशन चालू करून दिलं, काळजीपोटी. तेव्हापासून मी माणूस राहिलो नाही, त्यांच्या फोनवरचा एक निळा ठिपका झालो. ठिपका थांबला की फोन वाजतो. मागच्या बुधवारी काजं करणाऱ्या बाईंच्या दुकानात चाळीस मिनिटं थांबलो (बटणं निवडायला वेळ लागतो, हे आता शिंप्याच्या पोरांना समजावायचं!), तर लेकीचा फोन, चक्कर आली का म्हणून. पाठोपाठ मुलाचा, मग सुनेचा. शेवटी बाईंनी मला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं. त्या दिवसापासून फोनचा आवाजच बंद करून टाकला.

अगं, पन्नास वर्षं मी लोकांची मापं घेतली. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा एक खांदा उतरलाय, सगळं मला ठाऊक. पण कधी चार लोकांत बोललो नाही. आणि माझं माप मात्र घरातले तिघं दिवसभर घेत बसतात. राग येतो, ताई. अडुसष्टाव्या वर्षी माझी चाळीस मिनिटं माझी नसावीत?

तर शुक्रवारचं ऐक. तुला माझी सवय माहीत आहे, कोटाचा आतला खिसा शिवला की त्यात स्वतःची वस्तू घालून खोली बघायची. पूर्वी चष्म्याचं घर घालायचो, हल्ली फोन. एका नवरदेवाचा करडा कोट तयार होता. फोन घातला, झकास बसला, तेवढ्यात नवरदेव धापा टाकत आला आणि कोट अंगात चढवून गेलासुद्धा. मी निवांत इस्त्री करत राहिलो. आज कसं शांत शांत वाटतंय, असंही मनात आलं.

तिकडे ठिपका निघाला तो थेट विवाह नोंदणी कार्यालयात, आणि तासभर तिथून हलेना. मुलगा बँकेतून, लेक शाळेतला तास सोडून, सून अर्ध्याच केसांना रंग लागलेल्या अवस्थेत, तिघंही तिथे धडकले. मुलानं दारातूनच आरोळी ठोकली, "बाबा, सही करू नका!" नवरीनं नवरदेवाकडे पाहिलं. तो बिचारा तिशीतला, आपण कुणाचेही बाबा नाही हे सासऱ्यांना हात जोडून सांगत राहिला. शेवटी कोटातून माझा फोन निघाला, सत्तावीस हुकलेल्या कॉलसकट.

संध्याकाळी दुकानात माझी उलटतपासणी झाली. गळ्यात टेप तशीच ठेवून मी बजावलं, की मी काही हरवणारं पोर नाही, कुठे जातो हे हवं असेल तर तोंडानं विचारा; वाटलं तर सांगेन. लेक रडवेली झाली. म्हणाली, "आई रस्त्यात पडून गेली, तेव्हा दोन तास कुणाला कळलंच नव्हतं, बाबा." तिच्यासाठी ठिपका चालू ठेवलाय. पण मान खाली घातलेली नाही, हे लक्षात ठेव. मग मुलगा म्हणाला, "आम्हीच वेडे. बाबा आणि लग्न!" सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही.

तुझा,
ठिपका

ता. क. पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला त्याच कार्यालयात ये. माझ्या बाजूनं साक्षीदार हवा. बाईंच्या बाजूनं त्यांच्या दोन मैत्रिणी आहेत. (बाई म्हणजे काजं करणाऱ्या.) फोन मी दुकानात मशीनवर ठेवणार, ठिपका दिवसभर प्रामाणिकपणे शिवत बसेल. संध्याकाळी मुलांना मीच सांगेन, तोंडानं.

ता. क. आणखी एक. येताना तुझाही फोन घरी ठेव. लेकीनं तुलाही त्या ठिपक्यांच्या यादीत घातलंय. दर मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे म्हणून निघून तू तीन तास थिएटरात बसतेस, हे मी आजवर कुणाला बोललोय का?