गल्लीतलं आहे, येऊन बसतं

८ नोव्हेंबर १९९५, बुधवार

सकाळी गुंडू गेला. मोरीमागे, साखळीलाच. दूध आणायला निघालो तेव्हा उठला नाही. झोपला असेल म्हणून पुढे गेलो. परत येऊन हात लावला.

लेकीने, चारूने, शाळेत असताना उचलून आणलेला. आता चारू बंगलोरला नोकरीला, आणि हा इतका म्हातारा की घरातल्या घरात भिंतीला धडकायचा.

पुरायला अंगणात जागा नाही. गेल्या वर्षी सगळं सिमेंट करून घेतलं, चारूची स्कूटर उभी करायला. जुन्या रगात गुंडाळून ऑटोने नदीकाठी नेला. ऑटोवाल्याने विचारलं, "क्या है साब उसमें?" म्हणालो, "बिस्तर." मांडीवर कुदळ होती, तरी बिस्तर. पुलाअलीकडे ऑटो खड्ड्यात आदळली आणि रगातून पाय बाहेर आला. मी उतरताना ऑटोवाला म्हणाला, "बोलना था ना साब. मैं मना करता था क्या?"

घरी आलो. आई दारातूनच म्हणाली, "आधी अंघोळ कर." मग आत जाता जाता, "कुत्र्याचं सुतक नसतं, पण कर."

ऑफिसला आज येत नाही एवढं कळवायला कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो. फोन हबीबसाहेबांनी घेतला. आवाज फुटेना. रडूच आलं. बूथमध्ये, काचेबाहेर माणसं उभी असताना.

"क्या हुआ उमरीकर साब? घर में गमी हो गई क्या?"

हौ म्हणालो.

"अम्मा?"

इथे नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. बोललो नाही. त्यांनी हळू आवाजात दुवा म्हटली. मग म्हणाले, "सबर करो भाई. अब आप बी मेरे सरीके हो गए." त्यांची आई रमजानच्या आधी गेली. मी कबरस्तानापर्यंत गेलो होतो. "तेरवीं होने तक नक्को आओ. साब को मैं बोल देतौं."

फोन ठेवला. घरी आलो तर आई ओसरीत मेथी निवडत बसलेली.


९ नोव्हेंबर, गुरुवार

डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघालो. ऑफिसला जाता येत नाही, कारण मी सुतकात. घरी बसता येत नाही, कारण कोणाच्या सुतकात ते सांगावं लागेल.

पब्लिक गार्डनमध्ये बसलो. आपल्या ऑफिसचं कोणी इकडे येत नाही. डबा उघडल्यावर एक पिवळी कुत्री समोर येऊन बसली. तिला काही दिलं नाही. का दिलं नाही कोण जाणे.

सुमनने रात्रीच्या पोळ्या झाल्यावर सवयीने शेवटची जाड पोळी केली, गुंडूची. बिनमिठाची, डॉक्टरांनी सांगितल्यापासून. टोपलीत राहिली.

रविवारचं लिहितो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही. पुण्याची मंडळी आली होती, चारूच्या स्थळाचं बोलायला. मुलगा कॉम्प्युटरमध्ये. चारूही येऊन गेली दोन दिवसांसाठी. गुंडूला वास यायचा म्हणून सकाळीच मोरीमागे बांधला. ती मंडळी हात धुवायला मागे गेली. मुलाचे वडील म्हणाले, "कुत्रं तुमचं का?" मी म्हणालो, "नाही नाही, गल्लीतलं आहे, येऊन बसतं." गळ्यात पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळी आमच्या नळाला. गुंडूला ऐकू कमी यायचं. पण माझा आवाज कळायचा त्याला, शेपटी हलली.

मंडळी गेल्यावर चारूला गाडीवर सोडायची घाई. फरशी नुकतीच धुतलेली. राहू दे आजचा दिवस मागेच, असं मीच म्हणालो. मग सोमवार, मंगळवार.


१० नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक नवीनच गोष्ट सुचली. आई गेली तर मुलाचं डोकं नको का काढलेलं? तेरा दिवसांनी केसांसकट ऑफिसात गेलो तर काय म्हणतील? जामबागला एका न्हाव्याच्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो. आत गेलो. तो म्हणाला, "कैसा बनाना?" खुर्चीत बसल्यावर आरशात आईचंच तोंड दिसलं. तिचं नाक माझ्यासारखं. म्हणजे माझं तिच्यासारखं. "थोडे कम करो," म्हणालो.

सु. म्हणाली, "परवाच तर कापले होते." उन्हाळा आहे, म्हणालो. नोव्हेंबरमध्ये.

चारूचा फोन शेजारी आला होता. सु. बोलली. चारू खूप रडली म्हणे. विचारत होती, शेवटी आत होता ना तो? सु.ने सांगितलं, आतच होता. हे मला सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. फोन आला तेव्हा मी घरी नव्हतो. मी बागेत होतो. हे तिला माहीत नाही.


११ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा शनिवार. सुटी. आज बाहेर पडावं लागलं नाही, खोटंही नाही. मोरीमागची जागा धुतली. साखळी नळालाच आहे. काढली नाही.


१२ नोव्हेंबर, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

चारच्या सुमारास हबीबसाहेब आणि आमच्या सेक्शनमधले व्यंकटराव पुरशाला, म्हणजे समाचाराला आले. मी आत पडलो होतो. दार आईने उघडलं.

ह.सा. दर दिवाळीला येतात, आईला ओळखतात. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. हात आदाबाला उचलला तो तसाच. व्यंकटरावांनी आईला कधी पाहिलेलं नाही. ते सरळ आत आले, चपला काढल्या, आईसमोर मान खाली घालून म्हणाले, "अम्मा का बहुत बुरा लगा जी. आखिर में क्या हुआ था उनको?"

मी आतल्या दारात. आईने व्यंकटरावांकडे पाहिलं, ह.सां.कडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं तोंड बघून तिला काय कळलं ते तिलाच माहीत.

म्हणाली, "बैठो. मेरी जेठानी थे. नांदेड के. इसको छोटे से बड़ा उनोच किए. ये उनकोच अम्मा बोलता था."

नांदेडची काकू जाऊन कितीतरी वर्षं झाली. मला तिने वाढवलेलं नाही. चांगली होती, पण तिला माझं नावही नीट आठवायचं नाही.

ह.सा. लगेच म्हणाले, "हौ हौ. फोन पे आवाज साफ नहीं आई मेरेको. गलती मेरी है अम्मा, माफ करो." सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. फोनवर आवाज स्वच्छ होता.

सु. बिचारी चहाचा ट्रे घेऊन आली. आई म्हणाली, "चहा नको सुमन, सुतक आहे. पाणी दे." सु. ट्रे घेऊन तशीच उभी. मग परत आत गेली.

व्यंकटराव काकूचं वय विचारत होते. आई सांगत होती. आजार सांगितला, शेवटचं पाणी कोणी पाजलं तेही सांगितलं. आई, जी एकादशीला चुकून खडीसाखर तोंडात टाकली तर दिवसभर हळहळते.

ते गेल्यावर आईने दार लावून घेतलं. म्हणाली, "कोण गेलं रे? मी?"

सगळं सांगितलं. फोन, बाग, न्हावी. सु. ऐकत होती.

"गुंडू गेला म्हणून रडतोय, एवढं सांगायला काय झालं होतं तुला?"

"लाज वाटली."

"आणि मला मारायला नाही वाटली?"

ती दुपारी निवडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागली. "काकूला आज दुसऱ्यांदा मारलं मी तुझ्यापायी. बिचारी."


१३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला गेलो. चुलतीला तेरा दिवस कशाला, असं मीच ह.सां.ना म्हणालो. सगळे हळू बोलत होते माझ्याशी. साहेबांनी बोलावून दोन शब्द सांगितले. मी मान हलवली. आता ही मान काकूच्या नावाने हलवतोय.

संध्याकाळी आई नेहमीसारखी बोलली. म्हणजे रागावलेली नाही असं नाही. म्हणाली, "पूर्वी डोक्याला कावळा शिवला की मुद्दाम कळवायचे नातेवाइकांना, अमका गेला म्हणून. नातेवाईक रडले की अरिष्ट टळायचं. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं."

मी म्हणालो, "मग बरंच झालं."

"मला विचारायचं तरी होतंस. वाढवून हवंय का ते."

थोड्या वेळाने, देवापाशी वाती करताना: "तुझे वडील गेले तेव्हा तू पत्रावळी मोजत होतास. पाहुण्यांना कमी पडायला नकोत म्हणून. डोळ्यांतून टिपूस नाही. मी म्हटलं, माझा मुलगा घट्ट आहे." वात वळत राहिली. "घट्ट नव्हतास. बरं वाटलं मला बुधवारी, तू रडत आलास तेव्हा. कुत्र्यासाठी का होईना. मग हे असलं करून ठेवलंस."

जिवंत होता तेव्हा माझा नाही म्हणालो. मेल्यावर आईच्या नावावर रडलो. त्याच्या नावावर काहीच नाही.


१५ नोव्हेंबर, बुधवार

आज आठवडा.

दुपारी ह.सा. आणि मी कँटीनमध्ये. ते साखर ढवळत होते. अचानक म्हणाले, "वो हमारे नवाबसाब किधर थे इतवार को?"

गुंडूला ते नवाबसाब म्हणायचे. ते आले की गुंडू भुंकायचा, आणि ते फाटकाबाहेरून ओरडायचे, "पहले नवाबसाब को बाँधो भाई, नमाज के कपड़े हैं!" मी बांधेपर्यंत उभे राहायचे. दर खेपेला. रविवारी सरळ दारापर्यंत आले. ते त्यांना तेव्हाच जाणवलं असणार.

म्हणालो, "गुजर गए."

"कब?"

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती. मागच्या महिन्यात म्हणता आलं असतं. "पिछले बुध को," म्हणालो. "सुबह."

ते ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळलेली. "बुध को," म्हणाले. माझ्या फोनचा दिवस त्यांना आठवत असणार. सेक्शनमध्ये त्यांच्याएवढी कोणाचीच आठवण पक्की नाही.

"बहुत बुड्ढे हो गए थे," म्हणाले.

"हौ."

"आपकेच थे ना? छोटे थे तब से?"

"हौ," म्हणालो. "हमारेच थे."

हे म्हणताना आवाज पुन्हा तसाच झाला, बूथमधल्यासारखा. त्यांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं माझ्याकडे. मग उठले, कप उचलून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "चलो, साब की फाइल बाकी है."

समजलं असेल. समजलंच असेल. माझ्या रडण्यावर त्यांनी स्वतःच्या आईसाठीची दुवा म्हटली होती, आणि मी ती घेतली होती.


१७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल आणि आज ह.सा. डबा खायला बोलवायला आले नाहीत. काल कामात होते. आज जुमा, नमाजला गेले. दर शुक्रवारी जातात, पण जाताना टेबलावर टकटक करून जातात. आज केली की नाही, लक्षात नाही. मी खाली बघत होतो.

आईला सांगितलं, ह.सां.ना गुंडूचं कळलंय बहुतेक. म्हणाली, "बहुतेक म्हणजे? तू सांगितलंस की नाही?"

"गुंडू गेला एवढं सांगितलं."

"आणि बाकीचं?"

"विचारलं नाही त्यांनी."

"विचारतील कसे? त्यांना तुझी लाज आहे, तुला नसली तरी." मग हळूच, "बोलाव त्यांना घरी. चहा राहिलाय त्यांचा."


१९ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून अजून काही कळलेलं नाही.

सकाळी नळाची साखळी सोडली. गंजून घट्ट बसली होती, तेल घालावं लागलं. कुठे ठेवावी कळेना. सध्या स्कूटरच्या सीटवर आहे.

दुपारी ह.सां.च्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. नारळवाल्यापाशी थांबलो. त्यांचा धाकटा जावई दिसला, सलाम केला, "अब्बा घरमेंच हैं," म्हणाला. येतो म्हणालो. तो आत गेल्यावर परत फिरलो. मी आलो होतो हे तो सांगेलच.

संध्याकाळी सु. आईला घेऊन देवळात गेली. जेवण झाकून ठेवलेलं होतं. भाजी, वरण, पोळ्या. टोपलीच्या तळाशी ती जाड पोळी. सु. रोज करते अजून. सकाळी कावळ्यांना टाकते, मला दिसणार नाही अशी.

बाकीचं झाकूनच ठेवलं. ओट्याशी उभा राहून तीच खाल्ली. मीठ नव्हतं. बरणी समोरच होती, घेतलं नाही.