मागच्या पायडलाचा डावा दांडा

प्रिय मुन्ना,

'प्रिय' हा शब्द रिवाजापुरता घे, फार मनावर घेऊ नकोस. येत्या रविवारी तू टेम्पो घेऊन वडशाला येतो आहेस आणि अब्बांची डबल सायकल पुण्याला नेतो आहेस, ही आनंदाची बातमी अम्मीने मला भाकरी थापता थापता दिली. ती स्वतःच तुला म्हणाली म्हणे, घेऊन जा, आता मला झेपत नाही. आणि तू लगेच टेम्पो ठरवलास. का झेपत नाही, कालपर्यंत झेपत होतं ते आज काय झालं, एवढं विचारायला तुझी जीभ झिजली असती? फोनवर बोलले असते, पण तुझा फोन आला की अम्मी स्पीकर लावायला लावते आणि शेजारी मांडी ठोकून बसते. म्हणून पत्र. मराठीत लिहिते कारण अम्मीला मराठी वाचता येत नाही, आणि हिंदीत मला नीट रागावता येत नाही. शाळेत पोरांवर मी मराठीतच ओरडते, तोच सराव आहे.

तू सायकलिस्ट झालास हे कळल्यापासून आमच्या मोहल्ल्याची मान उंच झाली आहे. तुझे फोटो शेजारची चंचल मोबाइलवर सगळ्यांना दाखवत फिरते. ती अंगाला चिकटलेली चड्डी, तो रंगीत टोप, कमरेच्या खिशात ती गोड चिकट पाकिटं, जी तुम्ही दमण्याच्या आधीच चोखता. तुझी सायकल म्हणे एका बोटावर उचलता येते. अरे, सायकल उचलायची कशाला? आणि ती मोटारीच्या टपावर बांधून तुम्ही लोणावळ्यापर्यंत जाता, तिथे उतरवता, तासभर फिरवता, फोटो काढता आणि पुन्हा टपावर चढवता. म्हणजे सायकल तुमच्यावर जास्त बसते की तुम्ही सायकलवर, हा हिशेब मला अजून लागलेला नाही. त्यात पुन्हा तुमचा तो क्लब. मागच्या वेळी तू मला अर्धा तास समजावत होतास की सायकल चालवल्याने माणूस कुटुंबाशी जोडला जातो. हे तू मला सांगत होतास, जी त्या डबल सायकलच्या मधल्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसून मोठी झाली.

तू धाकटा, तुझ्या आठवणीत ती सायकल म्हणजे अंगणातली एक लांबलचक काळी वस्तू. मला ती बनताना आठवते. अब्बांनी दोन जुन्या सायकली आणल्या, दसरूकाकांच्या वेल्डिंगच्या दुकानात मधोमध जोडून घेतल्या, आणि मागे विकायच्या बांगड्यांच्या पेटीसाठी लोखंडी चौकट बसवली. लोक हसले. अब्बा म्हणाले, बाजार लांब आहे, पाय दोनाचे चार झाले तर बरं. पण खरं कारण अम्मी होती. कॅरियरवर बसून जायला तिने साफ नकार दिला होता. मी सामान आहे का, असं ती म्हणाली होती. आजही मी स्कूटीवर घेऊन जाते म्हटलं की तिचं तेच उत्तर असतं. तिला पायडल मारत जायचं असतं, म्हणजे गावात पोचल्यावर ती कुणाच्या मागे बसून आलेली नसते, स्वतः आलेली असते. गावच्या बाया तिच्यापुढे हात धरायच्या आणि अब्बा लांब बसून नुसतं मनगट पाहून योग्य मापाची बांगडी पेटीतून काढून द्यायचे. कधी एक बांगडी सैल झाली नाही की टिचली नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

अब्बा गेल्यावर पुढच्या सीटवर मी बसायला लागले. सुट्टीच्या दिवशी आम्ही मायलेकी कुरखेड्याच्या बाजूची गावं करतो. करत होतो. बकरी ईदला तू आलास, मी नेमकी प्रशिक्षणासाठी अहेरीला अडकले होते, आणि तू अम्मीला 'सरप्राइज' दिलंस. रंग काढून नवा रंग. पुढचं-मागचं पायडलाचं सगळं सामान उपटून पुण्याहून आणलेलं चकचकीत सामान बसवलंस. मला विचारलं असतंस तर? पण मी कोण, दर शुक्रवारी साखळीला तेल देणारी बाई. मी परत आले तेव्हा तू निघून गेला होतास आणि सायकल नवरीसारखी सजून उभी होती. अम्मी खुशीत बसली, मी पुढून जोर लावला, आणि पायडल वर येताच ती किंचाळली. गुडघा वरच्या टोकाला वाकेना. दुसऱ्यांदा बसली, तिसऱ्यांदा बसली, मग उतरली आणि आत गेली.

तेव्हापासून ती सायकलवर बसलेली नाही. अम्मीची जुनी गिऱ्हाईक इतवारीबाई गावाहून स्वतः आली होती तिच्या नातीच्या, दीपिकाच्या लग्नाच्या बांगड्यांसाठी. अम्मी म्हणाली, "मले आता नाई जमत वो बाई, गुडघा गेला माहा." इतवारीबाई बिचारी दारातच बसून राहिली. "काऊन नाई जमत? तुया हातच्या बांगड्या नाई भरल्या तं पोरीले लगन लागल्यासारखं वाटन का?" अम्मीने तिला चहा पाजला आणि पेटीतल्या बांगड्या तशाच कागदात गुंडाळून दिल्या. भरल्या नाहीत, दिल्या. एवढ्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पेटी माळ्यावर चढवायला सांगितली आणि तुला फोन केला.

मी जुनं सामान शोधत होते. कोठीत पाहिलं, अंगणातल्या भंगारात पाहिलं, नाही. मग परवा चंचलने मला मोबाइलवर तू टाकलेला तुझ्या क्लबच्या भिंतीचा फोटो दाखवला. भिंतीवर लाकडी पाटी, पाटीवर ते पायडलाचे दोन लोखंडी दांडे शेजारी शेजारी ठोकलेले, एक लांब, एक आखूड. खाली तू लिहिलं आहेस, 'अब्बांचं इंजिनिअरिंग. मापात पाप!' आणि त्याखाली तुझे ते चिकट चड्डीवाले मित्र हसून लोळताहेत. त्यातल्या एकाला तू उत्तर दिलंस की अब्बांना मोजायचं कधी जमलंच नाही, पण माणूस प्रेमळ होता. मुन्ना, मी शाळेत मठ्ठ पोरं पाहिली आहेत, पण ती निदान प्रश्न विचारतात. मनगट पाहून बांगडीचं माप सांगणाऱ्या माणसाला पायडलाचा दांडा मापता येत नव्हता, असं तुला वाटलं? दोन दांडे लहान-मोठे दिसले, तेव्हा आपल्या बापावर विश्वास ठेवायचा सोडून तू त्याच्यावर हसलास, आणि हसायला चार माणसं गोळा केलीस. मला तुझी लाज वाटते. हे मी रागात लिहीत नाही, राग संपल्यावर लिहिते आहे.

आता ऐक. तू अम्मीचा पदर धरून चालायचास तेव्हाची गोष्ट. बाजाराहून येताना एक बकरी आडवी आली, सायकल पडली आणि अम्मीचा डावा गुडघा पेटीखाली सापडला. गडचिरोलीच्या डॉक्टरने अब्बांना बाजूला घेऊन सांगितलं की हा पाय चालेल, पण पुरता वाकणार नाही, कधीच नाही. अब्बांनी घरी येऊन अम्मीला सांगितलं, डॉक्टर म्हणतो करंजीच्या बियांच्या तेलाने मालिश करा, सुटेल. आणि धानोऱ्याहून तेल आणून रोज स्वतः चोळत बसले. वासाने कुरकुरायचे, नाक मुरडायचे, पण चोळायचे. मग एक दिवस दसरूकाकांकडे जाऊन त्यांनी मागच्या पायडलाचा डावा दांडा मधून कापला आणि आखूड करून पुन्हा जोडून आणला. पायडल आता कमी वर यायचं, गुडघ्याला जेवढं वाकता येतं तेवढंच. अम्मी भीत भीत बसली, आणि पाय फिरला! ती रडली, हसली, आणि तेलाची बाटली डोळ्यांना लावली. सायकलची देखभाल मला शिकवताना अब्बांनी तो दांडा दाखवला आणि म्हणाले, "अम्मी को मत बोलना. उसको लगने दे के तेल से हुआ."

अम्मीला आजही तसंच वाटतं. गावोगावच्या बायांना ती सांगत आली आहे, "करंजीचं तेल लाव बाई, माहा गुडघा पाहा कसा फिरून राह्यला." खालच्या पायडलाकडे तिने कधी पाहिलंच नाही, ती समोरच्या पाठीकडे पाहून चालवते. आणि आता ती पुन्हा रोज तेल चोळते आहे, एकटी, दार लोटून. बाटली संपली, दुसरी आणायला सांगितली. तेलाने ऐकलं नाही म्हणून ती समजते की ती म्हातारी झाली. तिला खरं सांगितलं तर सायकल वाचेल, पण अब्बांनी दिलेला तो बरा झालेला गुडघा मी तिच्याकडून काढून घेऊ? माझ्याने ते होत नाही.

म्हणून हे पत्र. टेम्पो आणू नकोस, रेल्वेने ये. भिंतीवरचा तो दांडा उतरव, दांडे ज्यावर बसतात तो जुना कणा आणि खिळेही आण, कारण तुझ्या चकचकीत सामानावर तो बसणार नाही, मी पाहून घेतलं आहे. तो फोटो आधी काढून टाक. रविवारी सकाळी अम्मीला मी गल्लीतल्या शिरीनच्या घरी बसवीन, तेवढ्यात तुला सगळं पहिल्यासारखं जोडायचं आहे, तुझ्या हातांनी. मग सुट्टी टाकून काही दिवस राहा आणि रोज अम्मीच्या गुडघ्याला तेल चोळ. वासाने नाक मुरडलंस तरी चालेल, ते घराण्यात आहे. मग तिला सायकलवर बसव, पुढे तू बस, आणि इतवारीबाईच्या गावाला घेऊन जा, दीपिकाच्या हातात बांगड्या भरायच्या राहिल्या आहेत. वाटेत कुठेतरी अम्मी तुझ्या पाठीला म्हणेल, "देखा मुन्ना, तेल का असर?" तेव्हा तोंड उघडून फक्त एवढंच म्हण, "हाँ, अम्मी."

तुझीच (त्याला माझा इलाज नाही),
अदीबा बाजी