रोपाची ओटी

प्रिय अक्षदा,

अनेक आशीर्वाद. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर आणि कान सगळ्या घराचे, म्हणून कागद घेतला. गडाच्या रोपवेला येणारी माणसं तुझ्या स्टॉलवरून मिरीच्या पुड्या मागून नेतात, असं तिकडे जाऊन आलेला मंगेश सांगत होता. सासरी हिरकणीवाडीत तुझं स्वतःचं म्हणावं असं ते एवढंच, म्हणून ऐकून बरं वाटलं. आणि भीतीही वाटली.

इथे वाडीत वर्षभर काहीतरी विचित्र चाललंय. गेल्या दसऱ्यानंतर भागोजीकाकांचे मिरवेल पिवळे पडले. पानावर कीड नाही, पाण्याची कमी नाही. भर दुपारी, वारा अजिबात नसताना पानं गळायची; ओटीवर बसलं की टप टप ऐकू यायचं. महिनाभरात पोफळींवर नुसत्या काळ्या दोऱ्या लटकत राहिल्या. मग जानकीबाईंचे वेल गेले. मग मधली चार घरं सोडून भरतचे. जणू कोणी दारं निवडून हिंडत होतं. भागोजीकाका म्हणाले, "राखणदाराचा नारळ चुकला, दुसरं काय नाय." सगळ्यांनी वाडीच्या राखणदार देवाला नारळ दिला, मीही हात जोडून उभी राहिले. त्याच आठवड्यात चांगूचे वेल गेले. जानकीबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मैना, तुझ्या हाताला गुण हाय गो, तूच बघ काय ता." तो हात मला सोडवून घ्यावासा वाटला. कारण पुढचं दार कोणाचं, हे मला आधीच कळायला लागलं होतं.

परसातल्या आपल्या जुन्या वेलाची रोपं मी करायचे, ते तू लहानपणापासून पाहिलंस. पिशवी भरताना त्याच वेलाच्या बुडातली ओंजळभर माती मी त्यात घालायचे. रोपाची ओटी भरते म्हणायचे. माझी आई सांगायची, लेक माहेरची माती घेऊन गेली की परक्या जागी लवकर रुजते. लोक हसायचे, पण मैनाचं रोप मरत नाही, असं तेच म्हणायचे. मला त्याचा केवढा तोरा! पहिली रोपं भागोजीकाकांना दिली, दुसरी जानकीबाईंना, तिसरी भरतला, चौथी चांगूला, मग आणखी दोन घरांना; वेल गेले तेही याच क्रमाने.

मागच्या सोमवारी पोलादपूरहून शेतीखात्यातली अनुष्का आली. तिने मेलेल्या वेलांची मुळं पाहिली आणि मग, मी नको नको म्हणत असताना, आपल्या वेलाचं बूड उकरलं. वरून हिरवागार आपला वेल, आणि खाली मुळांना गाठीच गाठी, काही कुजलेल्या. माती पाण्यात कालवून तिने मला भिंगातून दाखवली. केसाहून बारीक दोरे होते, आणि ते वळवळत होते. सूत्रकृमी म्हणतात. ते मुळं पोखरतात आणि त्या जखमांतून कूज आत शिरते. जुना वेल सोसतो, कोवळा दोन-तीन वर्षांनी जातो. मी विचारलं, मग इतक्या लांब घरोघरी गेले कसे? ती म्हणाली, "मावशी, हे स्वतःहून वर्षात दोन हातसुद्धा जात नाहीत. कोणीतरी न्यावं लागतं." मी उठून चहा टाकला.

अक्षू, सहा घरं झाली. सातवी ओटी मी तुझी भरली, लग्नानंतर पहिल्यांदा परत निघालीस तेव्हा, पाच रोपांची. ती सगळी हिरवी आहेत म्हणून जीव अडकवू नकोस, भागोजीकाकांचेही दसऱ्यापर्यंत हिरवेच होते. मुळासकट उपट आणि जागच्या जागी जाळ. खाली उतारावर तुझ्या सासऱ्यांची सगळी बाग आहे. पावसाच्या पाण्याबरोबर माती तिकडे उतरायच्या आत हे कर. कुदळ आणि पाय धुतल्याशिवाय तिकडे जाऊ नकोस. सासूबाईंनी विचारलं तर बेलाशक माझं नाव सांग. रविवारी देवळात मी सगळ्यांसमोर सांगणारच आहे. आणि मी भेटायला आले, कितीही रडले, तरी मला बागेत पाऊल टाकू देऊ नकोस.

तुझीच,
आई